पाहणीच्या दिवसाची चाके

ता. ११ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,

मी तुझा थोरला भाऊ. वाणिज्य शाखेचा पदवीधर. विमा कंपनीच्या वाहन-दावे विभागातला वरिष्ठ अधिकारी, ज्याला हाताखालची मंडळी पाठीमागे 'अटी-शर्ती' म्हणतात आणि ज्याला ते ठाऊक आहे. या पत्राचा हेतू एकच आहे. येत्या अठ्ठावीस तारखेला सकाळी साडेदहा वाजता परिवहन कार्यालयात तुझ्या बायकोची सुनावणी आहे. तिथे तू हजर राहावेस आणि त्या गाडीची चाके कोणी बसवली हे स्वतःच्या तोंडाने सांगावेस. मायन्यात आशीर्वाद लिहायची रीत मला माहीत आहे. तो अनवधानाने राहिलेला नाही.

तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र. 'प्रदर्शनात अडकलोय' हे कारण पुन्हा देऊ नकोस. गाड्यांच्या सजावटीचे ते प्रदर्शन केव्हाच उठले, हे मी भरवणाऱ्यांनाच विचारून घेतले आहे. तू तुझ्या सीटकव्हरवाल्या मित्राकडे राहतो आहेस. पत्ता त्याच्या बायकोने दिला, आणि देताना म्हणाली, "घेऊन जा हो त्यांना एकदाचे."

अपघाताच्या दिवशी तू इस्पितळात जेमतेम एक कप चहा होईल इतका वेळ थांबलास, तेव्हा तुला तपशील माहीत नाहीत असे धरून चालतो. तुझी बायको आईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन निघाली होती. पाण्याच्या टाकीजवळच्या उतारावर, वळण घेताना, गाडीचे पुढचे डावे चाक निखळले. गाडी कुंपणाच्या भिंतीवर गेली. चाक मात्र गाडीपेक्षा पुढे गेले आणि समोरून स्कूटरवर येणाऱ्या ग्रंथालयातल्या कारकुनाला त्याने आडवे केले. त्याचा पाय मोडला. आईचे खांद्याचे हाड मोडले. तुझ्या बायकोचे उजवे मनगट मोडले. ही तीन हाडे झाली. चौथी मोडलेली गोष्ट क्ष-किरणात दिसत नाही.

ती बायकांना गाडी चालवायला शिकवते. 'मास्तरीण' हे नाव तूच ठेवलेस आणि चारचौघांत फुशारकीने घेत आलास. आता तिच्यावर निष्काळजीपणाचा ठपका आहे आणि सुनावणीत शिकवण्याचा परवानाच रद्द होईल अशी चिन्हे आहेत. काल मी आईची औषधे आणायला गेलो, तर औषधवाला गल्ल्यावरून मोठ्याने म्हणाला, "शिकवणाऱ्या बाईंचंच चाक निघालं म्हणे! मग शिकणाऱ्यांचं काय काय निघेल हो?" दुकानातले सगळे हसले. मी सुटे पैसे मोजून घेतले आणि बाहेर पडलो. तोंडावर आलेले उत्तर गिळले, कारण ते देण्याचा अधिकार तुझा आहे.

तू देतोस काय, तर हा निरोप. जसाच्या तसा उतरवतो: "दादा टेन्शन नको घेऊ. गाडी कंपनी फिटिंगमध्येच होती. पाहणीचे फोटो आहेत. क्लेम तुझ्याच डिपार्टमेंटला आलाय, म्हणजे घरचंच काम. बाकी तिने वळणावर जरा दाबलीच असणार, तुला माहितीये तिचा पाय."

तिचा पाय मला माहीत नाही. तुझा माळा मात्र मला चांगला माहीत आहे.

तुझा दादा

ता. १७ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,

तुझे उत्तर मिळाले. 'माळ्याचा इथे काय संबंध' असे तू विचारतोस. संबंध सांगतो, आणि तुला समजत नाही म्हणून नव्हे, तर उद्या 'मला कोणी सांगितलंच नाही' असे म्हणायला जागा राहू नये म्हणून.

तुझ्या दुकानात गिऱ्हाईक येते. तू त्याच्या गाडीची मूळ चाके काढून रुंद, चकाकणारी चाके घालतोस. मागे पंख लावतोस, दिव्यांवर काळी फिल्म चिकटवतोस, सायलेन्सर असा बसवतोस की गाडी गल्लीत शिरण्याआधी तिचा आवाज शिरावा. काढलेले सगळे सामान माळ्यावर जाते. प्रत्येक चाकाला, बंपरला, सायलेन्सरला गाडीच्या नंबराची चिठ्ठी. विम्याची पाहणी आली की ते सगळे खाली उतरते, गाडीवर चढते, फोटो निघतात, आणि पाहणीवाला वळला की पुन्हा माळ्यावर. मी विचारले तेव्हा तू हसून म्हणाला होतास, "दादा, हे गाड्यांचे गणवेश आहेत. साहेब आले की घालायचे."

त्याच वेळी मी तुला सांगितले होते की नटवलेल्या गाडीला विमा मिळत नाही असे नाही. केलेला प्रत्येक बदल कंपनीला कळव, ती जोखीम पाहील, हप्ता थोडा वाढवील, किंवा नाही म्हणेल. काहीही झाले तरी तू उघड्यावर असशील. त्यावर तू म्हणालास, "सांगितलं तर वाढतो, नाही सांगितलं तर नाही वाढत. कॉमर्स तू शिकलास की मी?" आई कौतुकाने हसली होती. तिला तुझ्या सगळ्याच बोलण्याचे हसू येते.

शिवाय तुझ्या नटवण्याने घरच्या गाडीचे भले काय झाले, तेही लिहितो. जड चाकांमुळे गाडी उचल घेईनाशी झाली, पेट्रोल जास्त प्यायला लागली, ब्रेक दाबल्यावर पूर्वीपेक्षा पुढे जाऊन थांबायला लागली. मागचा पंख ज्या वेगाला उपयोगी पडतो तो वेग आपल्या रस्त्यावर फक्त पाण्याच्या टँकरवाल्याला जमतो. काळ्या फिल्ममुळे संध्याकाळी तुझ्या बायकोला खड्डे दिसत नसत. ती म्हणायची, "अहो, ही काढा ना." तू म्हणायचास, "अगं, ही गाडी म्हणजे माझी चालती पाटी आहे." घरच्या माणसांना पाटीत बसवून तू गावभर फिरवलेस.

आता मुद्दा. पॉलिसीची मुदत तू चुकवलीस, म्हणून नवी पाहणी आली. नेहमीप्रमाणे मूळ चाके माळ्यावरून उतरली. फोटो निघाले. रुंद चाके परत चढवायला तुला त्या दिवशी सवड झाली नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती आईला घेऊन त्याच गाडीतून बाहेर पडली. म्हणजे अपघातात गाडी कंपनीच्याच चाकांवर होती, हे तुझे म्हणणे अक्षरशः खरे आहे. माझ्या नोकरीत मी अक्षरशः खरी असलेली पुष्कळ खोटी विधाने वाचली आहेत. हे त्यांत वरच्या रांगेत बसेल.

परवा मी गॅरेजमध्ये जाऊन गाडी पाहिली. अधिकारी म्हणून नाही. तुझ्या दाव्याची फाइल ज्या दिवशी माझ्या टेबलावर आली त्याच दिवशी मी नात्याचे कारण लिहून ती दुसऱ्याकडे सोपवली. भाऊ म्हणून गेलो. उरलेल्या तीन चाकांवर धूळ बसलेली, गंज धरलेला, आणि त्या गंजात बसवलेले नट मात्र कोरे, नुकतेच खोक्यातून काढल्यासारखे. गॅरेजवाला माझ्याकडे बघेना. मी विचारले, "हे कोणी बदलले?" तो म्हणाला, "साहेब, तुमचेच भाऊ आले होते. म्हणाले, जरा आवळून घेतो."

इस्पितळात थांबायला तुला वेळ नव्हता. नट आवळायला होता.

पण नट बदलले तरी भोके बदलत नाहीत. मूळ चाकाच्या भोकाची बैठक वाटीसारखी गोल आहे आणि तिच्यात गोल तळाचाच नट बसतो. तुझ्या बाजारच्या चाकांचे नट शंकूसारखे निमुळते. वाटीत शंकू घातला तर तो फक्त काठावर टेकतो; हाताला घट्ट लागतो आणि रस्त्यावर सैल होतो. निखळलेले चाकही तिथेच ठेवले होते, आणि चारही चाकांच्या भोकांत काठावर बारीक चकचकीत कडे उमटले आहे. मूळ नटांची पिशवी तुला माळ्यावर सापडली नसणार, आणि पाहणीवाला दारात उभा, म्हणून तू हाताशी होते ते नट लावलेस. गिऱ्हाइकाच्या गाडीला तू असे केले असतेस का? केले असतेस. हेच मला भयंकर वाटते.

दाव्याची तपासणी करणाऱ्या सर्व्हेअरला मी एवढेच म्हणालो, की भोकांचे फोटो जवळून काढा. त्याने काढले आहेत.

तिथून मी तुमच्या घरी गेलो. ती स्वयंपाकघरात डाव्या हाताने बटाटे सोलायचा प्रयत्न करत होती. माझी चाहूल लागताच साल आणि सुरी दोन्ही बाजूला केली. मी म्हणालो, "सुनावणीत काय सांगणार आहेस?"

"खरं तेच, दादा. गाडी मी चालवत होते."

"आणि नट?"

"नट मला कुठे ठाऊक?"

"तू शिकवायला घेतलेल्या प्रत्येक बाईकडून पहिल्या दिवशी चाक बदलून घेतेस. तुला नट ठाऊक नाहीत?"

तिने बटाटे परत टोपलीत टाकले. मग म्हणाली, "दुकानाचं नाव जाईल हो त्यांच्या. माझी शाळा गेली तर मी आणखी काही करीन. त्यांना दुसरं काय येतं?"

धाकट्या, हे वाक्य तू पुन्हा वाच. मी घरी येईपर्यंत ते मनात वाचत होतो आणि दर वेळी माझा राग वाढत होता. आधी तुझ्यावर, मग तिच्यावर, मग पुन्हा तुझ्यावर.

तुझा दादा

ता. २२ नोव्हेंबर

धाकट्या,

'चिरंजीव' आज लिहवत नाही.

तुझा निरोप वाचला: "नटाचं चुकून झालं असेल दादा, घाईत होतं कधी कधी. पण चाक सैल झालं तर चालवणाऱ्याला कळायला नको? गाडी थांबवायला नको? एवढी मास्तरीण आहे ती."

तिला कळले होते. तिने तुला फोन केला होता.

गाडी मुख्य रस्त्याला लागताच स्टिअरिंग थरथरू लागले. तिने गाडी बाजूला घेतली, फोन लावला आणि म्हणाली, "अहो, गाडी थरथरतेय. डावीकडून काहीतरी टकटक येतंय. मी इथेच थांबते, तुम्ही या." तू म्हणालास, "काही होत नाही गं. चाकांचं बॅलन्सिंग राहिलंय. चालव बिनधास्त, संध्याकाळी बघतो." ती म्हणाली, "आई आहेत सोबत." तू म्हणालास, "मग काय झालं? आईला काय तू विमानातून नेतेयस? चालव."

तिने चालवली. त्यानंतरचे वळण पाण्याच्या टाकीजवळचे.

हे मला कोणी सांगितले ते इथे लिहीत नाही. तिने सांगितलेले नाही, एवढे नोंदवून ठेवतो. मी तिला विचारले तेव्हा ती रडली नाही, चिडली नाही, फक्त म्हणाली, "मी रोज सांगते शिकणाऱ्या बायकांना, थरथर लागली की कोणाचं ऐकायचं नाही, गाडी सोडून उतरायचं. आणि मीच ऐकलं. तर चूक माझीच ना, दादा?"

बघ, तू तिच्यावर कसली शिक्षा लादली आहेस. परिवहन कार्यालय तिचा परवाना काढून घेईल किंवा घेणार नाही. पण ती स्वतःला आयुष्यभर त्या एका फोनासाठी बोल लावत बसेल, आणि ज्याने 'चालव' म्हटले तो सीटकव्हरवाल्याकडे पाहुणचार झोडत बसेल. दोघांच्या मध्ये जे घडले त्यात चूक फक्त तिचीच असे जगाला दिसते, आणि जगाने तसेच बघावे यासाठी तू मेहनत घेतो आहेस. वळणावर दाबली. तिचा पाय. बायकांचे ड्रायव्हिंग. हे तू माझ्याशी बोललास ते एक. न्हाव्याकडे, पेट्रोल पंपावर, तुझ्या गिऱ्हाइकांपुढे किती वेळा बोलला असशील? औषधवाल्याने ते हवेतून पकडले नाही.

विम्याचे सांगतो, म्हणजे तुझा हिशेबही उघड्यावर येईल. तुझ्या गाडीच्या नुकसानीचा दावा बुडणार आहे. बदल लपवले, पाहणीत खोटे दाखवले, अपघातानंतर पुरावा हलवला. यांतले एक कलमही पुरेसे होते, तू तिन्ही दिलीस. त्या कारकुनाला त्याच्या पायाची भरपाई मिळेल, कारण रस्त्यावरच्या माणसासाठी असलेले विम्याचे कवच तुझ्या लबाडीने फाटत नाही. ती रक्कम कंपनी पुढे तुझ्याकडून वसूल करू पाहील. करो.

यांतले काहीही मी थांबवणार नाही. 'घरचंच काम' म्हणालास ना? हेच घरचे काम.

अजून वेळ आहे. बस पकड, ये, आणि दोन वाक्ये बोल: नट मी लावले, आणि चालव मी म्हणालो. त्यानंतर तुझ्या दुकानाचे जे व्हायचे ते होईल, आणि मी तुझ्या शेजारी उभा राहीन. नाही आलास, तर तुझ्याविरुद्ध उभा राहीन. मध्ये कुठे उभे राहायचे, ते मला जमत नाही.

दादा

ता. २७ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,

तू येणार नाहीस हे कळले. 'तब्येत बरी नाही' या तीन शब्दांना मी वेगळे उत्तर देत नाही.

उद्याचे सांगतो. माझा जबाब मी लिहून तयार ठेवला आहे: माळा, नट, भोकांतली कडी. पण त्या फोनाबद्दल मी काही सांगू शकत नाही, कारण ऐकीव गोष्टीला माझ्याच खात्यात मी कधी किंमत दिली नाही. फोन ज्याने ऐकला त्यानेच तो सांगायला हवा. फोन गाडीच्या स्पीकरवर होता.

होय, मला आईने सांगितले.

मागच्या पत्रात मी तिचे नाव लपवले, कारण तिने माझ्याकडून तसे वचन घेतले होते. तिचा खांदा पट्ट्यात बांधलेला आहे. एका कुशीवर झोपता येत नाही, म्हणून ती बहुतेक वेळ खुर्चीतच बसते. अपघातानंतर तिने त्या फोनाबद्दल चकार शब्द काढला नव्हता. शेजारीण येऊन म्हणाली, "सुनेनं जोरात चालवली का हो?" तर आई खिडकीबाहेर बघत राहिली. मी ते पाहिले, आणि मला वाटले, दुखत असेल. तिला दुखत होते, पण खांदा नाही. तुझे नाव घ्यावे लागू नये म्हणून ती सुनेचे नाव खराब होऊ देत होती, आणि हे तिला समजत होते.

मग तुझा तो निरोप आला त्या संध्याकाळी मी तो तिला वाचून दाखवला, 'एवढी मास्तरीण आहे ती' हा. तिने तो पुन्हा वाचायला लावला. आणि म्हणाली, "अरे, त्यानंच सांगितलं ना चालव म्हणून! मी ऐकलंय. माझं नाव घेऊन चेष्टा केली त्यानं, विमानाची. मी हसले सुद्धा रे."

शेवटचे वाक्य ती कितीतरी वेळ म्हणत होती.

आज सकाळी तिने मला वचनातून मोकळे केले. म्हणाली, "मला उद्या तिथं घेऊन चल. साहेब विचारतील ते सांगेन."

मी म्हणालो, "आई, धाकट्याविरुद्ध बोलावं लागेल."

"मला शिकवू नकोस. त्याला जन्म तू दिलास का?" मग खांद्याचा पट्टा सावरत, "त्याला लिही. म्हणावं, आलास तर तुझ्याच शेजारी बसेन. पण बोलेन ते तिच्या बाजूनं."

मी लिहिले. तिच्या शब्दांत.

तुझी बायको हे ऐकून आधी 'नको' म्हणाली. आई तिला म्हणाली, "तू गप्प बस गं. तू एकदा त्याचं ऐकलंस, तेवढं पुरे झालं." यावर तुझी बायको अपघातानंतर पहिल्यांदा हसली. आणि मग रडली, ते मी पाहिले नाही असे दाखवून मी बाहेर गेलो.

उद्या जायचे तिच्या ड्रायव्हिंग शाळेच्या गाडीतून. तिच्या मनगटाला प्लास्टर आहे, म्हणून चालवणार मी, आणि मी गाडी चालवून किती काळ लोटला ते न विचारलेले बरे. ती माझ्या शेजारी, शिकवणाऱ्याच्या जागेवर. ब्रेक आणि क्लच तिच्याही पायाशी आहेत. आज दुपारी सराव म्हणून गल्लीत एक चक्कर मारायचे ठरले. मी दार उघडून बसणार तोच ती म्हणाली, "दादा, उतरा." डिकीतून चाकपाना काढून तिने डाव्या हाताने माझ्यापुढे धरला. "माझ्या शाळेत आधी नट."

चारही चाकांचे नट मी तपासले. खिडकीतून आई बघत होती. एक नट थोडा ढिला वाटला, तो आवळला. तिने पुन्हा आवळायला लावला. मग आम्ही निघालो, आणि कोपऱ्यावर माझ्याकडून गाडी बंद पडली, तेव्हा ती म्हणाली, "घाबरू नका. सगळ्यांची पडते."

धाकट्या, माझा राग गेलेला नाही. तो जाण्यासाठी मी हे लिहिले नाही. आईने तुला तिचा आशीर्वाद लिहायला सांगितला आहे, तो इथे नोंदवतो: आईचा आशीर्वाद. माझा शिल्लक आहे. उद्या साडेदहाला त्या दारात दिसलास तर हातात देईन. पत्राने पाठवणार नाही.

तुझा थोरला भाऊ,
दादा
स्थळ: आईच्या खुर्चीशेजारची बाजेची कड
ता. २७ नोव्हेंबर